साडेचार मिनिटांची फेरी

माझ्या सासऱ्यांचा माझ्यावर विश्वास होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही.

शालिग्राम नाना म्हणजे रावेरकडचे केळीचे मोठे बागायतदार. १९८५च्या मे महिन्यात त्यांनी मला आपली मोठी मुलगी पुष्पा दिली आणि भर मांडवात, नारळ ठेवून, लाल रंगाच्या शंभर सीसी मोटरसायकलची किल्ली दिली. इंजिन जपानी होतं. लग्नाच्या अल्बममधल्या बहुतेक फोटोंत मी उजवीकडे बघतो आहे. पुष्पा डावीकडे बसली होती.

चार वर्षांनी मी धुळ्याच्या मोटरसायकल शर्यतीत उतरायचं जाहीर केलं, तेव्हा माझ्या आईने एक वेळचं जेवण सोडलं. मी जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तिथले प्राचार्य म्हणाले, पाय मोडला तर रजा अर्जित धरायची की वैद्यकीय, ते आत्ताच लिहून द्या. स्टाफरूममध्ये माझं वय तेहतीस आणि माझं पोट या दोन विषयांवर दोन दिवस चर्चा झाली. नाना मात्र मुद्दाम रावेरहून आले, ओसरीवर बसले आणि माझ्या आईला म्हणाले, "काहून घाबरवता त्याहिले? जाऊ द्या सुसाट. पितांबरराव, तुमी पिळा गाडी. काही होत नाही. मी लिहून देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा गरम असल्याचं सांगितलं.

मला शर्यत जिंकायची नव्हती, हे समजून घ्या. मला नोकरी मामांच्या ओळखीने मिळाली होती. घर वडिलांचं, बायको आईने पाहिलेली, गाडी सासऱ्यांची. पदवी माझी स्वतःची, असं मी सांगत असतो, पण त्या वर्षी आमचे दोन पेपर फुटले होते. आयुष्यात एक आकडा तरी मला असा हवा होता, की जो मला कोणी दिलेला नाही. तो आकडा खान्देश ऑटो क्लबने पत्रकात छापूनच ठेवला होता. साडेचार मिनिटं.

धुळ्याबाहेर, साक्री रस्त्याला लागून तीन खेड्यांच्या सडका एकमेकींना मिळतात आणि चार किलोमीटरचा वेडावाकडा त्रिकोण होतो. त्यावर रविवारी शर्यत. आदल्या दिवशी, शनिवारी, सराव. सरावात प्रत्येकाला तीन संधी, एका संधीत दोन फेऱ्या. त्या सहांपैकी कुठलीही एक फेरी साडेचार मिनिटांच्या आत मारली, तर रविवारच्या यादीत नाव. नाही मारली, तर रविवारी दोरीच्या बाहेर उभं राहून टाळ्या.

माझी तयारी नासीरने करून घेतली. नासीरचं गॅरेज आमच्या बसस्टँडच्या मागे. गाडी नवी असल्यापासून त्याच्याच हातची. तीन महिने दर रविवारी आम्ही पहाटे निघायचो, एरंडोलला चहा, पारोळ्याला दुसरा चहा, आणि उजाडता उजाडता धुळ्याच्या त्या त्रिकोणावर. नासीर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसायचा. हातात आमच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच. मी फेरी मारून आलो की तो घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मयताला आल्यासारख्या आवाजात सांगायचा, "सर, चार-सत्तेचाळीस." "सर, चार-पंचेचाळीस." सगळ्यात चांगली वेळ चार-त्रेचाळीस. तेरा सेकंद काही केल्या निघत नव्हते.

अडचण सरळ रस्त्यावर होती. काटा बासष्टला जायचा आणि तिथे बिऱ्हाड करायचा. मूठ कितीही पिळा, ती पुढे फिरायचीच नाही.

मी शास्त्राचा माणूस. गाडीवर आळ घेण्याआधी मी पडताळा पाहिला. आमच्या स्टाफरूममध्ये याच बनावटीच्या आणखी तीन गाड्या होत्या. तिन्ही मी चालवून पाहिल्या. तिन्ही बासष्ट. तिन्ही त्या त्या प्राध्यापकांना लग्नात मिळाल्या होत्या, हेही माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याला मी महत्त्व दिलं नाही. निरीक्षण पुन्हा पुन्हा तेच आलं की आम्ही त्याला नियम म्हणतो. गाडीचा नियम बासष्ट ठरला, म्हणजे दोष माझ्यात. मी फळ्यावर हवेच्या रोधाचं गणित मांडलं आणि त्यात माझं शरीर नापास झालं. मी रात्रीचं जेवण सोडलं. सात किलो उतरलो. टाकीवर पालथं पडून, हनुवटी टेकून गाडी चालवायला शिकलो. शेवटी मिशी काढली. तिचा गणितात फारसा वाटा नव्हता, पण तेरा सेकंद कुठून तरी आणायचे होते.

आणि वळणं शिकलो. सरळ रस्त्यावर मिळत नाही ते वळणावर मिळवायचं. पहिल्या वळणाआधी बांधावर एक वाकडा निंब होता. त्याच्या बुंध्याशी ब्रेक, आधी नाही. दुसऱ्या वळणाला पांढरा दगड. तिसऱ्याला, म्हणजे शेवटच्याला, बाभळीच्या सावलीची कड. डोळे मिटले तरी मला ही तीन ठिकाणं दिसायची. पुष्पा म्हणायची, तुम्ही झोपेत उजवा पाय दाबता.

शनिवारी सकाळी आठला रस्ता बंद झाला. क्लबने फक्कीच्या रेषा मारल्या होत्या आणि वळणांवर कोणी घसरलं तर लागू नये म्हणून कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. पहिल्या वळणावरची सुरक्षा नऊपर्यंत दोन शेळ्यांनी निम्मी खाल्ली. वेळ घ्यायला पंडित मास्तर होते. आयुष्यभर शाळेत ड्रिल घेतलेले. टेबल, खुर्ची, गळ्यात शिट्टी, समोर नियमांचा टंकलिखित कागद आणि त्यावर दगड.

नाना जीप घेऊन आले होते. मागे केळीचे घड. जीप त्यांनी शेवटच्या वळणावर बाभळीखाली लावली आणि येईल त्याच्या हातात केळं ठेवायला सुरुवात केली. "ते आमचे जावाई. लाल गाडी. बघा आता कसे जातात."

"नाना, जपून उभे राहा," मी म्हणालो.

"माही काळजी करू नका. तुमी हात आखडू नका, बस्स."

पहिल्या संधीत चार-सेहेचाळीस आणि चार-चव्वेचाळीस. दुसऱ्या संधीत चार-त्रेचाळीस, आणि तिच्याच दुसऱ्या फेरीत चार-एक्केचाळीस. माझ्या आयुष्यातली सर्वांत वेगवान फेरी, आणि तरी अकरा सेकंद जास्त. प्रत्येक फेरीला बाभळीखालून नानांचा आवाज यायचा, "अजून! अजून पिळा!" वीस-बावीस वर्षांची पोरं तशाच गाड्यांवर मला सरळ रस्त्यावर मागे टाकून जात होती, आणि मागे वळून बघत होती. ती पोरं बिनलग्नाची होती.

दोन संधी संपल्या. एक राहिली.

तेवढ्यात कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकायला लागलं. नासीर चहाला गेला होता. क्लबने मदतीला ठेवलेला धनसिंग नावाचा धुळ्याचा मेकॅनिक पान्हे घेऊन बसला होता, त्याला मी हाक मारली. त्याने ठिबकणं थांबवलं, आणि आलोच आहे तर म्हणून वरचं झाकण खोललं. त्यातून केबल आणि स्प्रिंग बाहेर काढली. मग तो हसायला लागला. एकट्याने हसून पुरेना तेव्हा त्याने आणखी दोघांना बोलावलं.

"ओ सर," तो म्हणाला, "तुम्हना सासरा आठेच शे का?"

"आहेत इथेच. का?"

त्याने स्प्रिंगच्या आतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पितळी नळीचा तुकडा. बोटाच्या पेराएवढा. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या.

"हाई जवाईनी नळी शे. मूठ अर्धीच फिरस, गाडी साठना पुढे जातच नही. बठ्ठा, सगळा जवाईस्ना गाडीमा ऱ्हास. तुमले माहीत नही?"

मी म्हणालो, मी भौतिकशास्त्र शिकवतो. का म्हणालो, माहीत नाही.

"आम्ही धुळामा प्लास्टिकनी टाकतस," दुसरा मेकॅनिक नळी उचलून बघत म्हणाला. "हाई जळगावनं काम. पितळ वापरेल शे. भारी शे."

नासीर दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन आला. त्याने माझा तळहात पाहिला आणि एक पेला खाली ठेवला. दुसरा तसाच हातात राहिला.

"तू टाकलीस?"

"हां सर."

"कधी?"

"लग्नाच्या तीन दिवस आधी. शोरूममधून गाडी सरळ माझ्याकडे आली होती. सगळ्याच येतात. लग्नसराईत मी दुसरं काम घेतच नाही."

"आणि तीन महिने तू इथे उकिडवा बसून मला वेळ सांगत होतास."

"वेळ बराबर सांगत होतो, सर. एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही."

"मिशी काढली मी, नासीर."

"मी बोललो होतो, नका काढू."

"मला सांगायचं होतंस!"

तो खाली बघत म्हणाला, "नानांना शब्द दिला होता. लग्नाच्या आधी दिला होता. तुम्हाला तर मी नंतर ओळखायला लागलो."

मी चार वर्षांचे माझे प्रवास आठवले. पुष्पा मागे बसून एकदाही 'हळू' म्हणाली नव्हती. इतरांच्या बायका म्हणतात. मी हे सगळीकडे कौतुकाने सांगत असे.

"पुष्पाला माहीत आहे?"

नासीरने चहा पुढे केला. मी घेतला नाही.

पंडित मास्तरांनी शिट्टी मारली आणि माझा नंबर पुकारला. धनसिंगने नळीशिवाय स्प्रिंग बसवली, झाकण आवळलं आणि गाडीच्या टाकीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी. "जा सर. आते खरी गाडी शे."

मूठ फिरवली. नेहमीच्या जागी ती थांबेल म्हणून मनगट तयार होतं. ती थांबली नाही. गाडीने खालून असा आवाज काढला, जो मी चार वर्षांत ऐकला नव्हता, आणि माझी मान मागे गेली. बासष्ट आलं आणि निघून गेलं, वाटेतल्या फाट्यासारखं. सत्तर. ऐंशी. मी हसत होतो. रडत असेन तर ते वाऱ्यामुळे.

वाकडा निंब आला. बुंध्याशी ब्रेक, आधी नाही. तीन महिने घोकलेलं. मी ब्रेक बरोबर बुंध्याशीच दाबला आणि उरलेल्या पेंढ्या, एक शेळी आणि बांध यांच्या मधून सरळ कापसाच्या शेतात गेलो.

पडलो नाही. शेताच्या मधोमध उभा होतो, चाकांत बोंडं अडकलेली. तेव्हा कळलं की माझं सगळं शिक्षण बासष्टचं होतं. निंब बासष्टचा, दगड बासष्टचा, बाभळीची सावली बासष्टची. माझी म्हणून जी थोडीबहुत विद्या होती, तीही नानांनीच दिलेली निघाली.

गाडी बांधावरून काढली आणि ती फेरी पुरी केली. बाभळीजवळून गेलो तेव्हा नानांनी सवयीने हात वर केला. मला पाहून तो हात वरच राहिला. "अजून" ऐकू आलं नाही.

आता एकच फेरी उरली होती, आणि ती मी नव्याने शिकत शिकत मारली. निंबाच्या बरंच आधी ब्रेक. गाडी वळणात बसली, निघाली. पांढऱ्या दगडाच्या अलीकडे पुन्हा ब्रेक, पुन्हा मूठ. मला पुढे टाकून गेलेल्या पोरांपैकी एकाला मी मधल्या सरळ रस्त्यावर गाठलं आणि मागे टाकलं. मागे वळून बघितलं नाही. काटा नव्वदला टेकत होता. वेळ मला दिसत नव्हती, पण ती मला अंगात कळत होती, आणि ती साडेचारच्या खूप आत होती. शेवटचं वळण, मग अर्धा किलोमीटर सरळ, आणि पंडित मास्तरांचं टेबल.

बाभळीच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, नाना उभे होते. दोन्ही हात पसरलेले, एका हातात उपरणं.

दोन्ही ब्रेक मारले. मागचं चाक आडवं आलं, गाडी वाकडी होत होत थांबली. नानांच्या धोतरापासून दोन हातांवर. रबर जळाल्याचा वास आला. मला वाटलं, ते विचारतील, लागलं का.

"नळी कोनं काढली?" नाना म्हणाले.

मी हेल्मेट काढलं. "तुम्ही मला सुसाट जा म्हणाला होता."

"म्हनलो होतो."

"काही होत नाही म्हणाला होता. लिहून देतो म्हणाला होता."

"जाऊन जाऊन कुठी जानार होते तुमी?" ते म्हणाले. चिडून नाही. समजावून सांगावं तसे. "आमच्या गावात एका सालात दोन जावाई केळीच्या ट्रकखाली गेले, पितांबरराव. दोन पोरी पांढऱ्या कपाळानं माहेरी आल्या. एक माह्या भावाची. तवापासून गावात कोनी नळीबिगर गाडी देत नाही."

"मग सायकल द्यायची होती."

"सायकलीवर पोरगी कोन करतं?" नानांनी मला विचारलं.

मला अल्बम आठवला.

पंडित मास्तर शिट्टी वाजवत, नियमांचा कागद घेऊन लुनावरून आले. मागोमाग नासीर पळत आला. मास्तरांनी लुना स्टँडवर लावली, चष्मा लावला, आणि आम्हा दोघांना वर्गात उभं केल्यासारखं उभं केलं.

"नियम अकरा," त्यांनी वाचलं. "मार्गात जनावर, बैलगाडी अथवा परका मनुष्य आडवा आल्यास स्पर्धकाला ती फेरी पुन्हा दिली जाईल. स्पर्धकाचा स्वतःचा मनुष्य आडवा आल्यास दिली जाणार नाही." मग कागद खाली करून म्हणाले, "गेल्या वर्षी एकाची फेरी बिघडत होती, तर त्याने भावालाच मधे उभं केलं. तेव्हापासून हा नियम. आता सांगा. हे तुमचे कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो. इतकं पटकन की मलाच नवल वाटलं. "मी ओळखत नाही यांना."

मास्तर नानांकडे वळले. "आणि तुम्ही? हे तुमचे कोण? परके असाल तर यांना आत्ता पुन्हा एक फेरी मिळेल. ओळखीचे असाल तर संपलं. नीट विचार करून सांगा."

नानांनी उपरण्याने मान पुसली. चाळीस वर्षं व्यापाऱ्यांना केळी विकलेला माणूस. नियम अकरा त्यांना एका वाचनात कळला होता, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"सांगा ना नाना," मी म्हणालो. खान्देशात कोणाही म्हाताऱ्याला नाना म्हणतात, तेवढ्याने काही बिघडत नव्हतं. "रस्ता ओलांडत होतो म्हणा. चुकून आलो म्हणा. एवढं एकच म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले नाहीत, पण हेल्मेट दोन्ही हातांत धरलं होतं, ते जवळपास तसंच दिसत असावं. एक फेरी. निंबाच्या किती आधी ब्रेक दाबायचा, ते मला आता माहीत होतं.

"जावाई आहेत माहे," नाना पंडित मास्तरांना म्हणाले. "सख्खे. मोठ्या पोरीचे. पंच्याऐंशी साली मीच लगन लावून देलं." आणि जीपकडे हात करून, "केळं घ्या ना मास्तर. उन्हाचे आले तुमी."

चार वर्षं हा माणूस माझ्याशी एकही वाक्य खरं बोलला नव्हता. मला खोटं हवं होतं तेव्हा त्याने धुळे जिल्ह्यासमोर खरं सांगितलं, आणि तेही अभिमानाने. मास्तरांनी कागदावर रेघ मारली. केळं घेतलं.

"चला," नाना मला म्हणाले. त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा मोकळा झाला होता. "जीपमधी बसा. गाडी मागं टाकू. पुष्पीनं भरीत-पुरीचं सांगितलं आहे."

म्हणजे आज मी घरी परत येणार, हे पुष्पानेही धरलेलंच होतं. उद्याच्या शर्यतीसाठी धुळ्याला मुक्काम करावा लागेल, असं त्या घरात माझ्याशिवाय कोणालाच वाटलं नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

"उपाशी राहू नका. कसे वाळून गेले आहेत तुमी."

जीप गेली. नासीर माझ्याजवळ आला. घड्याळ त्याने दोन्ही हातांत धरलं होतं.

"सर, नाना मधे आले तिथपर्यंत तीन-चाळीस झाले होते. पुढचं सरळ होतं. चार-दहाच्या आत आले असते तुम्ही. अल्ला कसम."

चार-दहा. आकडा छान होता. मी मागितला होता त्याहून वीस सेकंदांनी चांगला, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. त्याला साक्षीदार एकटा नासीर.

"असेल," मी म्हणालो.

"खरं सांगतोय, सर."

"असेल म्हटलं ना."

तो सवयीने मागच्या सीटवर बसायला आला. मी त्याला एस. टी. स्टँडचा रस्ता दाखवला आणि गाडीला किक मारली.